टिटवीचा खेळ

मी मुळातच घाबरट. घराला कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघते. मुलांना घेऊन सहलीला गेले की दिवसभर माझे ओठ हलत असतात, कारण मी मनातल्या मनात पोरं मोजत असते. मास्तरकी करणाऱ्या बाईला असा स्वभाव असलेला बरा, असं मी स्वतःला सांगत आले होते.

उंब्रजच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की तीनेक किलोमीटरवर एक गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहा वर्षं होते. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी मलकापूरहून स्कूटीवर यायची. हायवे संपला की दोन्ही बाजूंना ऊस सुरू व्हायचा आणि थेट शाळेच्या फाटकापर्यंत सोबत करायचा. पावसाळ्यानंतर तो इतका वाढायचा की रस्ता म्हणजे हिरव्या भिंतींमधला बोळच.

त्या वर्षी त्या भिंतींच्या आत बिबट्या होता. आधी वस्तीवरची दोन कुत्री गेली, मग एक शेळी. मग ऊसतोड सुरू झाली आणि एका फडात मजुरांना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. वनखात्याच्या माणसांनी ती होती तिथंच टोपलीखाली ठेवायला लावली आणि सकाळपर्यंत आईनं ती उचलून नेली. म्हणजे मादी आहे, पिल्लंवाली आहे आणि शेजारच्याच कुठल्या तरी उसात आहे, एवढं सगळ्यांना कळलं. पालकांची सभा झाली. वस्तीवर राहणाऱ्या चार मुलांना शाळा सुटल्यावर पाटाच्या मोरीपर्यंत, म्हणजे पाटावरच्या छोट्या पुलापर्यंत, मी पोचवायचं असं ठरलं. मोरीच्या पुढं रान मोकळं होतं, वस्ती नजरेत होती.

त्या चौघांमध्ये तिसरीतली एक मुलगी होती. तिचे आईवडील जतकडचे, मेंढपाळ. वडील कळप घेऊन कुठं कुठं फिरत, आई मात्र मुलीच्या शाळेसाठी इथं एका शेतकऱ्याच्या वस्तीवर राहिली होती, रोजानं भांगलणीला, पिकातलं तण काढायला, जायची. मुलगी जूनमध्ये वर्गात आली ती दिवाळीपर्यंत बोललीच नाही. विचारलं तर मान हलवायची. वही मात्र नीटनेटकी. मी तिच्या आईला विचारलं होतं, "घरी बोलते का?" तर ती म्हणाली होती, "मेंढरासंगं लय बोलती. माणसासंगं न्हाई."

दिवाळीनंतर परिसर अभ्यासात प्राणी आपापल्या जागी जगण्यासाठी कसे घडलेले असतात, तो भाग आला. पुस्तकात उंट होता, बर्फावरचं अस्वल होतं. मी पुस्तक मिटलं आणि मुलांना म्हटलं, आपल्या गावातले प्राणी सांगा. मग बगळ्याचे लांब पाय आले, बदकाच्या बोटांमधली कातडी आली, पानाच्या रंगाचा नाकतोडा आला. एकानं बिबट्या म्हटलं आणि सगळा वर्ग गप्प झाला. मी फळ्यावर उसाची उभी पानं काढली, त्यांच्या सावल्या काढल्या आणि त्यात ठिपके मिसळून दाखवले. "दिसतो का आता?" मी विचारलं. कुणाला दिसेना. मला तेव्हा फार छान वाटलं होतं, हे सांगायला हवं.

चौथीतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाई, बिबट्याला ठिपकं, सश्याला कान. मग माणसाला काय दिलंय?"

"मेंदू," मी म्हटलं.

"मेंदूनं पळता येतंय व्हय?"

वर्ग हसला, मीही हसले आणि पुढं गेले.

तेवढ्यात जतची मुलगी उभी राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, "बाई, आमची मेंढरं लांब पायाची हायत. लय लांब चालत्यात. पाणी न्हाई तिकडं, म्हणून." मी श्वास रोखून उभी राहिले. बोललं तर थांबेल, अशी भीती. पण ती थांबली नाही. माळावर टिटवी घरटं न बांधता उघड्यावरच कशी अंडी घालते, ती अंडी खड्यांसारखीच कशी दिसतात, आणि पिल्लं निघाली की कसं होतं, ते तिनं सांगितलं. "घार आली का आई वरडती. मग पिल्लं भुईला चिकटत्यात. पायाजवळ असली तरी दिसत न्हाईत. कोण बी येऊ दे, हालत न्हाईत. आईनं बोलावलं का मगच उठत्यात."

मी टाळ्या वाजवायला लावल्या. आणि त्या आनंदाच्या भरात मधल्या सुट्टीत एक खेळ काढला. मी टिटवी, मुलं पिल्लं. मी "घार!" असं ओरडले की सगळ्यांनी जमिनीला चिकटायचं. मग मी डबा वाजवणार, पायाशी येऊन उभी राहणार, नाव घेऊन हाक मारणार. जो हलेल तो बाद. मी टिटवीसारखं "टिव टिव, टिव टिव" केलं की मगच उठायचं. पोरांना खेळ भलताच आवडला. रोज त्याचीच मागणी. आणि रोज शेवटपर्यंत पडून राहायची ती जतची मुलगी. एकदा तिच्या मानेवरून मुंगळा फिरला, तरी ती हलली नाही. मी तिला सगळ्यांपुढं शाबासकी दिली.

गावातल्या एक आजी मात्र शाळेच्या फाटकाशी येऊन मला बोलून गेल्या. "आवं बाई, पोरं घरात टिटवीगत वरडत्यात. टिटवी दारात वरडणं चांगलं नसतंय. बंद करा त्यो खेळ." मी हो हो म्हटलं आणि बंद केला नाही. आवाज काढला म्हणून काही होतं, यावर माझा विश्वास नव्हता. मला भीती वाटते ती कुलपांची, रस्त्यांची, तापाची.

तो दिवस डिसेंबरमधला होता. गुरुजी केंद्राच्या बैठकीला उंब्रजला गेले होते. शाळा सुटायला आली आणि गुरुजींचा फोन आला की कुठली तरी माहिती ऑनलाइन भरायची राहिली आहे, आजच हवी आहे, सगळे खोळंबलेत. मोबाइलला रेंज येत-जात होती. वस्तीवरची चौघं दप्तरं पाठीला लावून पायरीवर उभी होती. मी म्हटलं, "तुम्ही हळूहळू पुढं व्हा. रस्ता सोडू नका. मी आलेच मागून."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात उच्चारलं असेल, याला हिशेब नाही. दरवेळी त्यातलं "आलेच" मला टोचतं. मी दहा मिनिटांनी निघाले. कदाचित पंधरा.

वळणापर्यंत गेले आणि समोरून तिघं पळत येताना दिसली. जतची मुलगी त्यांच्यात नव्हती. एकाच्या पायात चप्पल नव्हती. ती माझ्या अंगावर येऊन आदळलीच.

"बाई, बिबट्या! उसात लय मोठ्यानं वाजलं, कुत्रं वरडलं!"

"ती कुठाय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मागं व्हती की."

मी त्यांना शाळेकडं पिटाळलं आणि पुढं धावले. रस्ता रिकामा. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला नुकताच तोडलेला फड, त्यात उसाच्या वाळल्या पानांचं गुडघाभर पाचट. रस्त्याच्या मधोमध तिचं दप्तर पडलेलं. मी तिला नावानं हाक मारली. उसाची पानं एकमेकांना घासत होती, तेवढाच आवाज आला. मी पुन्हा हाक मारली.

तोवर मुलांनी गावात ओरडा केला होता. दहा मिनिटांत तीस-चाळीस माणसं जमली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कोयता. एक ट्रॅक्टरच घेऊन आला आणि हॉर्न दाबून बसला. पत्र्याचे डबे बडवायला सुरुवात झाली. बिबट्या असला तर पळावा म्हणून. जवळच गस्तीवर असलेला वनरक्षक मोटरसायकलवर आला. तरुण होता, पण गडबडला नाही. त्यानं माणसांना रांगेत उभं केलं आणि एकट्यानं उसात घुसायचं नाही म्हणून दम भरला. मला विचारलं, "पोरगी केवढी? कपडे कसले? हाक मारली तर ओ देती का?"

"देते," मी म्हटलं.

सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकायला आला होता. अजून फार तर अर्धा तास उजेड. सगळे तिच्या नावानं हाका मारत होते, डबे वाजत होते, हॉर्न चालू होता. आणि त्या गोंगाटात मला एकाएकी खेळ आठवला. डबा वाजवणार. पायाशी येऊन उभी राहणार. नाव घेऊन हाक मारणार. जो हलेल तो बाद.

ती इथंच कुठं तरी पडली आहे. आम्ही जेवढं ओरडू तेवढी ती जमिनीला घट्ट चिकटेल. हे तिला मी शिकवलंय, शाबासकी देऊन शिकवलंय.

हे लगेच ओरडून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. किती वेळ, ते नक्की आठवत नाही. दोन मिनिटं असतील, पाच असतील. माझ्या डोक्यात आलं की हे लोक काय म्हणतील, गुरुजी काय म्हणतील, पेपरात काय येईल. पोर उसात पडलेली आणि मी उभी राहून नोकरीचा विचार करत होते. आज लिहितानाही हे वाक्य खोडावंसं वाटतं.

शेवटी मी वनरक्षकाचा हात धरला. "हे सगळं बंद करायला सांगा. डबे, हॉर्न, हाका, सगळं. ती ऐकतेय. मुद्दाम हलत नाहीये."

त्यानं माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघितलं. मी खेळाचं सांगितलं. आसपासच्या चार-पाच जणांनीही ऐकलं. त्यातला एक म्हणाला, "काय बाई, असलं शिकवायला पगार देत्यात व्हय तुमाला?"

वनरक्षकानं हात वर केला. हॉर्न थांबला, मग डबे थांबले. चाळीस माणसं उभी असून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सगळे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. एक घोट घेतला आणि मी टिटवीचा आवाज काढला. "टिव टिव. टिव टिव."

गर्दीत त्या आजी होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

काहीच झालं नाही. मी दहा पावलं पुढं गेले, वनरक्षक माझ्या शेजारी. पुन्हा आवाज काढला. अजून दहा पावलं. तिसऱ्या वेळी तोडलेल्या फडाच्या कडेला, उभ्या उसाला लागूनच, पाचट हललं आणि त्यातून लाल स्वेटर वर आला. ती उठून बसली. केसांत पाचट, गालावर ओरखडे. पावलांखाली आली असती इतक्या जवळून माणसं तिथून गेली होती.

मी तिला उचललं तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, मी अजाबात हालले न्हाई."

शाबासकी मागत होती. मला रडूच फुटलं.

तिची आई कामावरच्या टेम्पोनं तेवढ्यात येऊन पोचली. रस्त्यात कुणीतरी तिला सगळं सांगितलं असावं. तिनं मुलीला माझ्या हातातून घेतलं, वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग छातीशी धरलं. माझ्याकडं बघितलं नाही.

लोक पांगले. मी दप्तर उचलायला मागं राहिले होते. वनरक्षक फडाच्या कडेला वाकून बघत होता. त्यानं मला हात करून बोलावलं. मुलगी पडली होती तिथून दहा-बारा हातांवर ओल्या सरीत ठसे होते. चार बोटं, मध्ये गादी, नखांची खूण नाही. "ताजं हाय," तो हळूच म्हणाला. "आजचंच. तिच्या आधी गेली का नंतर, सांगता येत न्हाई."

"ती पडून राहिली म्हणून वाचली का?" मी विचारलं. त्यानं हो म्हणावं, असं मला वाटत होतं.

"तसं काय न्हाई म्हणता येत, बाई. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला शेळीगत वाटतं. ही तर झोपली व्हती." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तिच्या आईला आत्ताच नका सांगू."

मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या आठवड्यात मी अंथरुणावर पडले की पंख्याच्या घरघरीत मला उसाची पानं ऐकू यायची.

मुलगी शाळेत येईना. नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी मी गुरुजींना सांगून वस्तीवर गेले. पत्र्याच्या खोपटाबाहेर तिची आई भाकरी थापत होती. मुलगी कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी उभ्यानंच माफी मागितली. काय काय म्हणाले आठवत नाही, पण खेळ माझा होता, त्यांना पुढं मीच पाठवलं, हे दोन्ही म्हणाले.

आईनं भाकरी उलटली. "बसा, बाई."

मी बसले.

"तुमी वाईट केलं, असं म्हणत न्हाई मी. माझी पोर कुणाचं ऐकत न्हाई. माझं बी न्हाई, तिच्या बाचं बी न्हाई. तुमचंच ऐकती. तुमी झोप म्हनला तर झोपती, ऊठ म्हनला तर उठती." तिनं तव्यावरून नजर उचलली. "त्याचंच भ्या वाटतंय मला. म्हणून पाठवली न्हाई."

रागावली असती तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत मुलं माझं ऐकतात हे मी अभिमानानं सांगत आले होते. त्याची भीती कुणाला वाटू शकते, हे ध्यानीमनीही नव्हतं.

तिनं मला भाकरी आणि ठेचा दिला. मी खाल्ला. निघताना ती म्हणाली, "सोमवारी आणून सोडते. पर संध्याकाळी तुमी सवता मोरीपर्यंत या."

सोमवारी मी वनरक्षकाला शाळेत बोलावलं. त्यानं मुलांना मैदानात उभं केलं. "बिबट्या दिसला तर पळायचं न्हाई. वाकायचं न्हाई, बसायचं न्हाई. हात वर करायचं, मोठ्यानं वरडायचं, त्याच्याकडं तोंड करून मागं मागं सरायचं. वाटंनं एकटं जायचं न्हाई. गप्पा मारत जायचं, लय मोठ्यानं." पोरं हात वर करून किंचाळायला लागली. हा खेळ त्यांना टिटवीच्या खेळापेक्षाही आवडला.

जतची मुलगी मात्र हात खाली ठेवून उभी होती. तिनं मला विचारलं, "मग टिटवीचं चुकतंय व्हय, बाई?"

वनरक्षक हसला आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडं वळला.

मी तिच्यापुढं उकिडवी बसले. "टिटवीचं पिल्लू केवढं असतं?"

तिनं मूठ दाखवली.

"रंग कसला?"

"मातीगत. खड्यागत."

"आणि तुझा?"

तिनं स्वतःकडं पाहिलं. "माझा स्वेटर लाल हाय," ती म्हणाली. आणि मग, "म्हंजी मी दिसत व्हते."

"हो. वर पाचट होतं म्हणून माणसांच्या नजरेतून सुटलीस, एवढंच."

"मला वाटलं मी दिसत न्हाई."

तिच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदा भीती आली. त्या दिवशी पाचटातून उठली तेव्हाही नव्हती. पाठाचा हा अर्धा भाग मी फळ्यासमोरच सांगायला हवा होता. पिल्लाला जे मिळालंय ते त्याच्या अंगाला, त्याच्या माळाला बेतलेलं असतं. दुसऱ्यानं ते घेऊन चालत नाही. सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी टाळ्या वाजवत बसले.

त्यानंतर मी रोज मोरीपर्यंत गेले. फोन वाजला तरी उचलला नाही. पोरं वाटेनं पाढे ओरडत चालायची, आणि ती मुलगी सगळ्यात मोठ्यानं. पुढच्या वर्षी ती चौथी झाली आणि पाचवीसाठी तिचे वडील तिला आश्रमशाळेत घालायला जतकडं घेऊन गेले. निघायच्या आधी दाखला न्यायला तिची आई आली होती. ठशांचं तिला सांगावं असं मनात आलं. तोंडापर्यंत आलं. ती म्हणाली, "बाई, तुमी लय चालला आमच्यासाठी," आणि मग मला सांगवेना.

मागच्या वर्षी माझी बदली झाली. आता माझी शाळा मलकापूरच्या बाजूला, घरापासून दहा मिनिटांवर आहे. ऊस नाही, पाट नाही. शाळा सुटली की तीस-एक मुलांना हायवेचा सेवा रस्ता ओलांडून पलीकडच्या वसाहतीत जायचं असतं. कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक दोन-दोन जोडलेल्या येतात. मागची ट्रॉली कुठं वळेल याचा अंदाज मोठ्या माणसालाही येत नाही. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा मुलं पळत रस्ता ओलांडत होती, दप्तर डोक्यावर धरून.

मी हेडबाईंना विचारलं, यांना कुणी सोडायला येत नाही का. त्या म्हणाल्या, "सवय असते हो त्यांना."

आता रोज पाच वाजता मी रस्त्याच्या कडेला उभी असते, दोन्ही हातांत दोन-दोन हात. मुलांना सांगते, आधी उजवीकडं बघा, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. सांगून झालं की म्हणते, बाई सांगतात म्हणून नका येऊ, तुम्हाला दिसतंय का ते बघा. परवा एक पहिलीतला मुलगा म्हणाला, "बाई, मला ट्रॉलीच्या मागचं दिसत न्हाई, मी बुटका हाय."

"मग थांब," मी म्हटलं. आम्ही सगळे थांबलो. ट्रॉली गेली, तिच्या मागून अजून एक आली, आणि आम्ही तसेच थांबून राहिलो.